गढीतल्या तीन चुली

आमचं घर मालकाच्या जागेत होतं, एवढं सांगितलं की पुष्कळ सांगून होतं. आष्टीपासून दोन कोसांवर आमचं गाव. उंचावर गढी आणि गढीच्या उतारावर आम्हा कुळांची घरं. मातीच्या भिंती, वर पऱ्हाट्या अंथरून माती टाकलेलं धाबं. कुळानं घराचं दार गढीकडे तोंड करून काढायचं नाही, भिंतीला खिडकी पाडायची नाही आणि जोतं दगडाचं करायचं नाही, असा शिरस्ता. दगडाचं जोतं झालं की माणसाला घर आपलं वाटायला लागतं, म्हणून. त्यामुळे आमच्या घराला दार तेवढं होतं. त्यातूनच माणसांनी, शेळीनं, उजेडानं आणि धुरानं ये-जा करायची. आई चुलीपुढे बसून बसून चाळिशीच्या आतच डोळ्यांनी अधू झाली. ज्वारी निवडताना खडा दिसायचा नाही, बोटांनी चाचपायची. वडील मालकाची बारा एकर जमीन कसायचे आणि पिकेल त्यातलं अर्धं गढीवर घालायचे. उरलेलं उन्हाळ्यापर्यंत पुरत नसे. मग हुलग्याचं माडगं, तेही एका वेळेला. अशा घरातून मी बी. ए. झालो. आमच्या गावातला पहिला. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही... किंवा मिरवण्यासाठीच सांगतो, त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण ज्यानं मला शिकवलं तो माणूस गेला, आणि त्याच्याबद्दल आमच्या गावात आजही लोक एकच गोष्ट सांगतात. ती अर्धीच सांगतात, म्हणून हे लिहायला बसलो.

किसनदादा, माझा थोरला भाऊ, गेल्याचं मला नव्या जालन्यातल्या आमच्या शाळेत कळलं. गावाकडचा एक जण मोंढ्यावर सरकी घेऊन आल्ता, तो वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि टोपी काढून हातात धरली. "मास्तर, जरा भाईर या," म्हणाला. बाहेर गेलो तर माझ्याकडे न बघता बोलला, "किसन न्हाई राह्यला. काविळीनं नेलं." मी वर्गात परत येऊन मुलांना नकाशा पुरा करायला सांगितलं, फळा पुसला आणि एस. टी. गाठली. कावीळ झाल्याचं मला ठाऊक होतं. आष्टीच्या दवाखान्यात जा, असं मी दोनदा निरोप धाडून सांगितलं होतं. पण आमच्याकडे चुन्याच्या पाण्यानं हात धुवून कावीळ उतरवतात, पाणी पिवळं झालं की रोग उतरला म्हणतात. दादानं तेच केलं. जन्मभर चुन्यात हात घातलेला माणूस, त्याला चुन्याचा भरवसा वाटला असेल.

दादा माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. पोलीस ॲक्शन झाली त्या साली तो ऐन जवान होता. निझामाचं राज्य गेलं, गढीवरचं निशाण बदललं, पण गढीवर घालायचा अर्धा माल काही बदलला नाही. त्याच सुमारास सरकारनं आष्टीला शाळेची इमारत काढली आणि दादा तिथं मजुरीला गेला. गेला माती कालवायला आणि सहा महिन्यांत थापी धरून बांधकामावर चढला. वडलांना ते मानवलं नाही. कुणब्याच्या पोरानं नांगर सोडून दुसऱ्याच्या भिंती रचाव्यात, ही त्यांना नाक कापल्यासारखी गोष्ट वाटली. पण दादाला त्या कामाचं वेड लागलं आणि ते वेड लावणारा होता तिथला ओव्हरसियर. हैदराबादेकडचा तरुण माणूस, मराठी जेमतेम. दुपारच्या सुट्टीत विटांच्या थप्पीवर बसून तो गवंड्यांना समजावत असे. दादा त्याची नक्कल करून दाखवायचा: "किसन, तुम लोगां घर नइं बांधते, धुएँ का डब्बा बांधते. हवा होर उजाला मांगने की चीज नइं, दीवार में रखने की चीज है." जमाना बदलला की मकान बदललं पाहिजे, असं ते साहेब म्हणत. राजा गेला, आता घरंही रयतेची व्हायला हवीत. बाई ज्या खोलीत जन्म काढते ती खोली सगळ्यांत काळोखी का, असं विचारत. आज मी मोठ्या शहरांतल्या वास्तुकारांचे लेख वाचतो, त्यात याहून नवीन काही सापडत नाही. भाषा मात्र जड असते.

दादानं हे सगळं ऐकलं आणि खरं मानलं. एका सुट्टीला घरी आला तो सरळ चुलीच्या मागच्या भिंतीजवळ गेला आणि कोळशानं एक चौकोन काढला. वडील दारातून बघत होते.

"काय करून राह्यला रं?"

"खिडकी पाडतो. आईचे डोळे गेले धुरानं."

"मालक काय म्हंतील?"

"राज कुनाचं हाय आता, आबा?"

"राज कुनाचं बी आसू दे. भिंत मालकाची हाय."

वडलांनी ओल्या फडक्यानं तो चौकोन पुसला. त्या दिवशी तो जेवला नाही एवढं मला आठवतं. आमच्या घराला खिडकी पडली नाही. ती दुसरीकडे पडली, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

मग कूळकायदा आला. कायदा मोठा होता, पण आमच्या गावाला त्यातली एक गोष्ट पक्की कळली. मालकाला स्वतः कसायची म्हणून कुळाकडून जमीन परत घेता येईल, पण एका कुटुंबाला ठरावीक मर्यादेपर्यंतच. त्यावरची जमीन कुळाकडेच राहणार आणि पुढे कुळाच्या नावावर होणार. गढीवर तीन भाऊ एकत्र राहत होते. एक कुटुंब धरलं तर आमचे बारा एकर मर्यादेच्या बाहेर, म्हणजे आमचे. वडलांनी हा हिशेब कुणाकुणाकडून दहा वेळा करून घेतला. माझ्या वडलांना मी त्याआधी कधी विनाकारण हसताना पाहिलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात ते बांधावर बसून एकटेच हसायचे.

तीन कुटुंबं धरली तर मात्र तीन मर्यादा झाल्या असत्या आणि आम्हाला काहीच उरलं नसतं. कुटुंब मोजायचं कसं? आमच्याकडे ते चुलीवरून मोजतात. एक चूल, एक घर. तहसिलातल्या लोकांनीही चौकशीला येताना तेच माप धरलं.

दादाला गढीवरून बोलावणं आलं ते याच दिवसांत. थोरल्या मालकांनी त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला. कुळाच्या पोराला गढीवर कपबशीतून चहा, हेच खरं तर संशय यायला पुरेसं होतं. पण दादाला वाटलं, जमाना बदलला. मालक म्हणाले, "किसन, बायांचं पटेना झालंय. रोजची कटकट. सैपाकघराच्या तीन खोल्या कर, तीन चुली घाल."

"तीन चुली म्हंजे भिंती आल्या, मालक. दारं आली."

"घाल की. खर्च्याचं तू बघू नको. पण जल्दी व्हाया पायजे."

घरी येऊन दादा मला म्हणाला, "बघ, बायांचं ऐकून भिंत घालायलेत मालक. साहेब म्हणत व्हते ते बराबर खरं व्हायलंय." मी तेव्हा औरंगाबादला कॉलेजात होतो आणि सुट्टीवर आल्तो; चुलींचा आणि कायद्याचा संबंध माझ्याही ध्यानात आला नाही. वडलांना त्यानं सांगितलंच नाही, कारण त्यांना त्याचं गवंडीकाम ऐकायला आवडत नसे. गढीवरचं काम म्हणजे त्याच्या दृष्टीनं साधं काम नव्हतं. आजवर शाळा बांधली, पूल बांधला, पण ज्यात बाई रोज बसणार आहे अशी खोली त्याच्या हाती पहिल्यांदाच येत होती. ती त्यानं मन लावून केली. गढीचं सैपाकघर म्हणजे माळवदाखालचा लांबलचक काळा बोळ होता. त्यात त्यानं दोन भिंती घातल्या, प्रत्येक खोलीला अंगणातून वेगळं दार काढलं, देवासाठी कोनाडे केले, चुलीवर धुराडं नेलं. आणि मागच्या जाड भिंतीत, कुणी न सांगता, प्रत्येक चुलीसमोर एकेक खिडकी पाडली. खिडक्यांचं काम चालू असताना थोरले मालक आले. "ह्या कशाला?" म्हणाले. दादानं त्यांना हवा आणि उजेड यांचं सगळं व्याख्यान ऐकवलं. मालकांनी ते ऐकून घेतलं, मग म्हणाले, "राहू दे. चांगलंय." दादा त्या "चांगलंय" वर कितीतरी दिवस खूष होता. मालकांना नेमकं काय चांगलं वाटलं हे त्याला कळायला पावसाळा उजाडावा लागला.

पावसाळ्यात तहसिलातले गिरदावर चौकशीला आले. सगळी कुळं गढीच्या दरवाज्याखाली उभी होती. गढीवर चुली तीन आहेत हे तोवर सगळ्या कुळांच्या कानावर आलं होतं आणि सगळ्यांना वाटत होतं की सरकारी माणसाला हा देखावा कळेल. दुसऱ्या गावांतही मालकांनी असंच केलं होतं, मध्ये तट्टे लावले होते, कुडाच्या भिंती उभारल्या होत्या, चुलीत राख नव्हती. तिथं गिरदावरांनी ते फेटाळलं होतं. आमच्याकडे ते आत गेले, पुष्कळ वेळानं बाहेर आले. वडलांनी हात जोडून सांगितलं, "साहेब, त्या भिंती खोट्या हायेत."

गिरदावर वाईट माणूस नव्हता. शांतपणे म्हणाला, "बाबा, खोट्या भिंती मी रोज बघतो. दाखवायची भिंत असती तर तिच्यासाठी कुणी हातभर जाडीची भिंत फोडून खिडकी पाडली असती का? धुराडं नेलं असतं का? आत बाया सैपाक करतायत, प्रत्येकीचा देव वेगळा आहे. ही तीन घरं आहेत. बिलकुल तीन."

वडलांनी मागं वळून दादाकडे बघितलं. दादाच्या तोंडावरून त्यांना कळलं. भिंती कुणी घातल्या हे त्यांना तोवर ठाऊकच नव्हतं; पोरगा आष्टीकडे कुठं कामावर आहे असं ते धरून होते. सगळ्या कुळांसमोर ते म्हणाले, "तू माझ्या तोंडात माती घातली किसन. अन् ती बी लिंपून, गुळगुळीत करून."

त्या दिवसापासून गेल्या महिन्यात दादा जाईपर्यंत माझे वडील माझ्या भावाशी बोलले नाहीत.

इथपर्यंतची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक आहे. किसन गवंड्यानं आपल्याच बापाची जमीन बुडवली, अशी ती सांगतात. पाणवठ्यावर वहिनीला बाया विचारायच्या, "काय गं, तुझ्या घरी खिडकी पाडली का न्हाई अजून?" आणि हसायच्या. ज्यांच्या जमिनी आमच्याबरोबर गेल्या त्यांचा राग मी समजू शकतो. पण ज्यांचा संबंध नव्हता तेही हसले. मालकाला मात्र कुणी हसलं नाही. लबाडी करणारा मालक राहिला आणि नेकीनं काम करणारा गवंडी गावात तोंड दाखवेनासा झाला, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. काम वाईट केलं असतं, भिंत वाकडी घातली असती, खिडकी विसरला असता, तर आमचे बारा एकर वाचले असते. चांगलं काम केल्याची एवढी शिक्षा मी दुसऱ्या कुणाला झालेली पाहिली नाही.

दादानं काही केलं नाही असं नाही. कुळांनी मिळून वकील लावला होता, तरी परतूरच्या तहसिलात तो स्वतः उभा राहिला. वडील त्याच्या पुढे दहा पावलं चालत गेले आणि कचेरीच्या दुसऱ्या झाडाखाली बसले. दादानं सांगितलं, भिंती माझ्या हातच्या आहेत, अवघ्या एका उन्हाळ्याच्या आहेत. तहसीलदारसाहेब म्हणाले, "भिंत नवी असेल, वाटणीही नवी असेल. भाऊ आज वेगळे झाले तर भिंत आजच घालतील ना?" निकाल विरुद्ध गेला. बारा एकरांत त्या वर्षी गढीचा बैल फिरला.

त्यानंतर दादा नव्या जालन्यात कामाला गेला. जिनिंगच्या शेडा, व्यापाऱ्यांची गोदामं, नव्या कचेऱ्यांतल्या बाबू लोकांची घरं. माझी कॉलेजची शेवटची दोन वर्षं त्याच्या थापीवर झाली. जालना तेव्हा बदलत होतं. भाड्याच्या घरात राहणारी नोकरदार माणसं आली होती, त्यांना सासू-सासरे गावी ठेवून नवरा-बायकोचं घर हवं होतं. बाहेरून येणाऱ्याला चूल दिसू नये अशी बैठकीची खोली हवी होती, एकट्या राहणाऱ्या मास्तरणीला स्वतःचं दार हवं होतं, कुणाला उभ्यानं सैपाक करायचा ओटा हवा होता. हे सगळं दादा बघत होता आणि बांधत होता. पण एक अट त्यानं धरली होती आणि त्यापायी त्याची पुष्कळ कामं गेली. सैपाकघराचं काम असेल तर जी बाई तिथं रांधणार आहे तिला बोलवा, तिच्याशी बोलल्याशिवाय मी चूल घालणार नाही. ठेकेदार चिडायचे. मी एकदा त्याच्या कामावर गेलो होतो तेव्हा एक ठेकेदार त्याला म्हणाला, "किसन, तू गवंडी हाईस का सोयरीक जुळवणारा?"

"चूल कुनाची हाय ते कळाया पायजे, शेठ."

"ज्याचा पैसा त्याची चूल."

"आसं एकदा केलंय म्या," दादा म्हणाला आणि थापी धुऊन बाजूला ठेवली. ते काम दुसऱ्या गवंड्यानं केलं.

इकडे गढीवर काय झालं ते सांगायला हवं, कारण गावातले लोक ते सांगत नाहीत. थोरल्या मालकांचा बेत असा होता की जमीन हाती आली की भिंती पाडायच्या आणि पुन्हा एक चूल करायची. पण बायांनी त्या पाडू दिल्या नाहीत. इतकी वर्षं सासूच्या हुकमाखाली धुरात वाकलेल्या बाया, त्यांना स्वतःचं दार मिळालं, स्वतःचा कोनाडा मिळाला, समोर उजेड आला. खोट्या घरात त्या खऱ्या राहायला लागल्या. मधल्या भावानं मग खरीच वाटणी मागितली. धाकटाही त्याच्या मागे गेला. थोरल्यांनी नाही म्हटलं आणि प्रकरण दिवाणी कोर्टात गेलं. वास्तू समाजामागून चालते, असं विद्वान लिहितात. आमच्या गावात भिंत आधी झाली आणि घर तिच्यामागून फुटलं. यात कुणी शहाणा झाला नाही, कुणाचं मन बदललं नाही. लोभानं भिंत घातली आणि भिंतीनं आपलं काम केलं.

गेल्या वर्षी मधल्या मालकांच्या बाईसाहेबांनी दादाला चूल दुरुस्तीला बोलावलं. दादा गढीची पायरी चढायला तयार नव्हता, वहिनीनं त्याला धाडला. जाताना तो मला म्हणाला, "तू बी चल. मी तिथं येकटा उभा राहू शकनार न्हाई." म्हणून तिथं झालेलं बोलणं मी स्वतः ऐकलेलं आहे. चुलीला काही झालं नव्हतं. बाईसाहेब खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या आणि भाजी चिरता चिरता बोलत होत्या.

"किसन, तुझा बा बोलतो का तुझ्याशी?"

"न्हाई बाईसाहेब."

"बराबर हाय त्याचं. मीबी न्हाई बोलले असते." मग विळीवरून वर न बघता म्हणाल्या, "थोरल्यांनी कोर्टात शपथेवर काय सांगितलंय ठावं हाय का? म्हंले, वाटणी झालीच न्हाई. त्या भिंती कुळांच्या चौकशीत दाखवायला घातल्या, घर एकच हाय. आमचा हिस्सा बुडवायला आसं म्हंले. जा, परतूरला जाऊन नक्कल काढ अन् तुमच्या वकिलाला दे."

दादानं हात जोडले. मग म्हणाला, "लई उपकार झाले, बाईसाहेब."

"उपकार कसले. मला तुमचं भलं करायचं न्हाई. थोरल्याचं वाईट करायचंय." चिरलेली भाजी बाजूला सारत त्या म्हणाल्या, "खिडकी मात्र चांगली केलीस. हिच्यातून मला तुमची वस्ती दिसती. बाया पाण्याला निघाल्या की मला कळतं. लग्न होऊन आल्यापासून मला भाईरचं काय बी दिसलं नव्हतं."

गढी उतरताना दादा रडला. माझ्या भावाला मी तेवढं एकदाच रडताना पाहिलं. बाईसाहेबांनी शाबासकी दिली म्हणून तो रडला असं कुणी समजू नये. तो म्हणाला, "आईला न्हाई देता आली रं ती खिडकी. ज्यांनी आपल्याला लुटलं त्यांच्या बाईला दिली." आई त्याच्या आदल्या वर्षीच गेली होती.

वकिलानं नक्कल बघितली आणि पहिल्यांदाच खुर्चीत सरळ बसला. अपील दाखल झालं. मालक एका कोर्टात म्हणत होते घरं तीन आहेत, दुसऱ्या कोर्टात म्हणत होते घर एक आहे. दादा प्रत्येक तारखेला जालन्याहून परतूरला जायचा, मजुरी बुडवून. वडील गावाहून यायचे. दोघं एकाच बाकावर बसायचे, मध्ये मी. वडील मला विचारायचे, "त्याला विचार, वकील काय म्हंला." मी दादाकडे वळायचो, दादा उत्तर द्यायचा आणि मी ते वडलांना परत सांगायचो. हातभर अंतरावरचं बोलणं माझ्यातून जायचं. शेवटची तारीख झाली त्या दिवशी दादाचे डोळे पिवळे दिसत होते. वडलांनी ते पाहिलं. मला म्हणाले, "त्याला म्हनावं, औषध घे." हे दादानं ऐकलं होतं, तरी मी सांगेपर्यंत तो थांबला आणि मग म्हणाला, "घेतो म्हनावं." जालन्याला कामावर न परतता तो तिथूनच गावी गेला.

त्याला जाळून आल्यावर वडील अंगणात बसले होते. मला वाटलं ते काही बोलतील. ते एवढंच म्हणाले, "थापी कुठं ठिवली त्याची?" वहिनीनं आणून दिली. त्यांनी ती पाण्यानं धुतली, धोतरानं पुसली आणि धाब्याच्या लाकडात खोचून ठेवली. चांगल्या कामाची हौस असलेला पोरगा आपल्या पोटी जन्मला होता, हे त्यांना तेव्हा कळलं की आधीपासून कळत होतं, मी विचारलं नाही. विचारून काय मिळणार होतं.

जालन्यात मी भाड्यानं राहतो त्या घराचं सैपाकघर दादानंच नीट करून दिलं. घरमालकाची परवानगी मी काढली होती, पण दादाला ती पुरत नव्हती. माझ्या बायकोला त्यानं जमिनीवर बसवलं, समोर रिकामी परात ठेवली आणि म्हणाला, "भाकर थाप." बाई लाजली, पीठ नव्हतंच, उगाच हात हलवू लागली. दादा बाजूला उकिडवा बसून तिच्या कोपराकडे बघत होता, मग भिंतीवर कोळशानं खुणा करत होता. "हितून उजेड येईल डाव्या अंगानं. धूर तोंडावर न्हाई येनार." मी हसत होतो. आज माझी बायको तिथं भाकरी थापते तेव्हा मी कधी कधी दारात उभा राहतो. सकाळचं ऊन परातीत पडतं. धूर वर जातो, तिच्या तोंडावर येत नाही.

परवा अपिलाचा निकाल आला. मधल्या आणि धाकट्या भावानं कोर्टातून खरी वाटणी करून घेतली, त्यामुळे त्यांच्या हिश्श्याला आता हात लावता येत नाही, असं साहेबांनी लिहिलं आहे. थोरल्यांच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतं कुळांचं म्हणणं खरं धरलं. बारा एकरांपैकी चार एकर आमच्या वडलांच्या नावावर झाले. ते ओढ्याच्या बाजूचे आहेत, काळे आहेत, विहीर नाही. आठ एकर गेले ते गेले. वडील या वर्षी तिथं ज्वारी पेरणार आहेत आणि तिचा अर्धा वाटा कुणालाही द्यायचा नाही.